मालकाचं नाव

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर घडवून काशीला दान करावं लागतं, असं माझी आजी सांगायची. त्या धाकानं आमच्या आळीत मांजराला कुणी दगड मारायचं नाही. पण मांजर आजारी पडलं तर काय करायचं, याबद्दल आजीच्या शास्त्रात एक अक्षर नव्हतं. म्हशीला ताप आला की डॉक्टर गोठ्यात यायचे. शेळीचं पोट फुगलं की दहा माणसं दहा उपाय सांगायची. मांजर मात्र एक दिवस दिसेनासं व्हायचं आणि आठवड्यानं कुणीतरी म्हणायचं, "तुमचं ते मांजर दिसलं नाही हल्ली." विषय तिथं संपायचा.

आमच्या मांजराचं नाव पोपट. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यात आमचं बहुधा सातवं असावं, कारण तिनं एक पिल्लू माळ्यावर ठेवलं आणि ती परत आलीच नाही. आम्ही त्याचं नाव मनी ठेवलं. तीन-चार महिन्यांनी शेजारच्या काकूंनी शेपटी वर करून पाहिलं आणि जाहीर केलं, "अगं, हा बोका आहे." माझा धाकटा भाऊ म्हणाला, "झाला आपला पोपट!" तेच नाव राहिलं.

पोपट कुणाचा, हा प्रश्न कधी आलाच नाही. कुत्रं माणसाचं असतं आणि मांजर घराचं असतं, असं आमच्याकडे म्हणतात. पोपट तसा घराचा होता, जातं किंवा उंबरा घराचा असतो तसा. आई त्याला दूध-चपाती घालायची, आजी सुकटाची डोकी बाजूला काढून ठेवायची, रात्री तो माझ्या गोधडीवर झोपायचा. त्याला कुणी विकत आणलं नव्हतं आणि त्याच्यावर कुणी एक रुपया खर्च केला नव्हता. खर्चाची वेळ आली तेव्हाच कळलं, की घराचं म्हणजे कुणाचंच नाही.

२०१४ चा नोव्हेंबर होता. मी अकरावीत होते. एका बुधवारी दुपारी कॉलेजातून आले तर पोपट न्हाणीच्या कोपऱ्यात बसला होता. बसायचा, जोर करायचा, उठायचा, दोन पावलं चालून परत बसायचा. खाली काहीच नाही. मध्येच मागचा भाग चाटत बसायचा. संध्याकाळी तो ओरडायला लागला. मांजरांच्या भांडणातला आवाज मला माहीत होता, भुकेचा माहीत होता. हा तिसराच आवाज होता, घशाच्या खालून येणारा.

"पोट धरलंय त्याचं," आजी म्हणाली आणि तिनं अर्धा चमचा एरंडेल पाजलं. दहा मिनिटांत ते उलटून पडलं. वडील दुकानातून आले, त्यांनी वाकून पाहिलं. "मांजरं गवत खाऊन आपली आपण बरी होतात. बघू सकाळी." ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सबंध आयुष्यात मांजराला डॉक्टरकडे नेलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

रात्री मी त्याला मांडीवर घेतलं आणि पोटावरून हात फिरवला. मागच्या पायांच्या थोडं पुढं, आत, एक गोळा लागत होता. कच्च्या पेरूएवढा आणि तितकाच टणक. हात लागताच तो कळवळला. आईच्या फोनवर नेट होतं, गोगलगाईच्या वेगाचं. मी इंग्रजीत शोधलं. एकेक पान उघडायला मिनिट लागत होतं आणि प्रत्येक पान एकच सांगत होतं: बोका बसतोय, जोर करतोय आणि लघवी होत नाहीये, तर ते बद्धकोष्ठ समजू नका, थांबू नका.

काय झालं होतं ते मला नीट नंतर समजलं, पण इथंच सांगते. बोक्याची मूत्रनलिका लांब असते आणि टोकाकडे फार बारीक होत जाते. मांजरीची आखूड आणि रुंद असते, म्हणून हा त्रास बहुतेक वेळा बोक्यांनाच होतो. मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले. त्यामुळे मांजर मुळात पाणी कमी पितं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवतं. थंडीत तर आणखी कमी पितं. त्या घट्ट लघवीत खनिजांचे बारीक खडे तयार होतात आणि चिकट स्रावात मिसळून टोकाशी बूच बसतं. मग मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो, जे शरीराबाहेर जायला हवं ते रक्तात साठतं. त्यात पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. पूर्ण बंद झालेला बोका उपचाराविना दोन-तीन दिवसांत मरू शकतो. पोट साफ करायचं कुठलंही औषध या बुचापर्यंत पोचत नाही.

सकाळी सात वाजता मी डायरीतले पैसे मोजले. भाऊबिजेची ओवाळणी धरून ६४० रुपये. एका मैत्रिणीकडून जवळच्या मोठ्या गावातल्या एका खासगी डॉक्टरांचा नंबर मिळाला. त्यांना फोन लावला.

"वय किती?"

"दोन वर्षं."

"मांजराचं नाही, तुझं."

"सोळा."

"वडलांना फोन करायला सांग." फोन बंद.

मग सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तो घरापासून चालत दहा मिनिटांवर होता आणि मी आयुष्यात कधी आत गेले नव्हते. अंगणात गुरांना उभं करायचा लोखंडी खोडा, त्यात एक म्हैस. डॉक्टर वाडीवस्तीवर लाळ-खुरकूतच्या लसीकरणाला गेलेले. परिचर काका एकटेच होते. त्यांनी पोपटाच्या पोटाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "लघवी तुंबलीय पोरी. पण याला लागती ती बारीक नळी आमच्याकडं नाही. आमच्याकडं सगळं म्हशीच्या मापाचं." मग थोडं थांबून म्हणाले, "शिरवळच्या कॉलेजात ने. आजच ने. मोठं कुणी नाही का बरोबर?"

हा प्रश्न त्या दिवशी मला पाच-सहा वेळा ऐकायला मिळाला. सोळाव्या वर्षाची गंमत अशी, की आजारी जीव तुमच्या मांडीवर असतो, रात्रभर जागं तुम्ही असता, किती तास झाले हे तुम्हालाच माहीत असतं. पण पैसे तुमचे नसतात, गाडी तुमची नसते आणि तुमच्या सहीला किंमत नसते. सगळं कळत असतं आणि काही करता येत नसतं.

वडील दुकानात गेले होते, आई शाळेवर. घरी आजी. मी सांगितलं, शिरवळला निघालेय. ती म्हणाली, "एकटी कुठं निघालीस?" आणि आत जाऊन तिनं लुगडं बदललं. मांजरासाठी ती येत नव्हती, हे तिनं एसटी स्टँडपर्यंत तीन वेळा सांगितलं. नातीला एकटं सोडायचं नाही म्हणून ती येत होती.

पोपटाला आम्ही कोंबड्यांच्या डालग्यात घातलं आणि वरून जुनं लुगडं बांधलं. पुण्याला जाणारी गाडी मिळाली. कंडक्टरनं आजीला अर्धं तिकीट दिलं, मला पूर्ण दिलं आणि डालग्याकडे बोट केलं.

"काय आहे आत?"

"पोपट," आजी म्हणाली. खोटं तर नव्हतंच.

आमच्याकडून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. घाट तेव्हा लागायचा तो परतीच्या वाटेवर. गाडी अंधारात शिरली आणि डालग्यातून तो घशाखालचा आवाज आला. सगळी गाडी मागं वळली.

"आजी, पोपट म्याव म्याव करतोय," कंडक्टर म्हणाला.

"शिकलाय," आजी म्हणाली. त्यावर तो बिचारा हसून पुढच्या सीटवर जाऊन बसला. मी हसले नाही. मी लुगड्याखालून हात घालून त्याचा श्वास मोजत होते.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. आजीनं पाटी वाचून घेतली. तिच्या माहेरी पत्री सरकारच्या गोष्टी सांगत पोरं मोठी झालेली. "नानांचं नाव आहे म्हणजे हाकलून द्यायचे नाहीत," ती म्हणाली. आत जर्सी गाय, चार-पाच शेळ्या, एका बाईच्या हातात पांढरं पॉमेरियन आणि पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली शिकाऊ मुलं-मुली, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. केसपेपर लिहायला एक ताई बसली होती.

"पेशंटचं नाव?"

"पोपट."

तिनं 'पक्षी' लिहायला घेतलं. मी म्हटलं, "नाही, मांजर. बोका." ती पहिल्यांदा वर बघून हसली. मग विचारलं, "लघवी कधीपासून नाही?"

"काल दुपारपासून. एकवीस तास झाले."

तिचं हसू गेलं. तिनं कागद तसाच टाकून डालगं उचललं आणि आत पळाली. मागच्या वीस तासांत माझं एक वाक्य ऐकून कुणीतरी पळालं होतं. ते मी कधी विसरणार नाही.

आत डॉक्टरांनी आधी पोटाला हात लावला नाही, छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. आज त्याचं कारण मला माहीत आहे. पोटॅशियममुळे ठोके मंदावलेत का, हे आधी बघावं लागतं, कारण त्यावर भूल किती आणि कशी द्यायची हे ठरतं. मग त्यांनी विचारलं, "घरी काय दिलं?"

"अर्धा चमचा एरंडेल," आजी म्हणाली. "ओकला."

"क्रोसिन वगैरे काही?"

"नाही."

"बरं झालं." माणसाला ताप उतरवणारी पॅरासिटामॉल मांजराला विष असते, हे मला तिथं कळलं. ती पचवून बाहेर टाकायची रसायनं मांजराच्या यकृतात पुरेशी नसतात. मग रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही, हिरड्या मळकट तपकिरी पडतात आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. आमच्या आळीत दिसेनाशा झालेल्या मांजरांपैकी किती जणांना कुणीतरी मायेनं अर्धी गोळी दुधातून दिली असेल, असा विचार तेव्हापासून माझ्या मनात येतो.

मग ताई कागद घेऊन परत आली. भूल द्यायची तर संमतिपत्र लागतं. भुलीत जनावर दगावलं तर आमची तक्रार नाही, असा मजकूर आणि खाली मालकाची सही. मी पेन घेतलं तर ती म्हणाली, "तुझी नाही चालणार गं. अठरा पूर्ण लागतात." आणि आजीकडे वळली. "आजी, मालक कोण? तुम्हीच ना?"

आजी पेन हातात घेऊन उभी राहिली. "मालक कसला बाई. तोच आमच्यात राहतो."

"पण नाव लिहावं लागेल. कुणाचं लिहू?"

मला वाटलं ती वडलांचं नाव सांगेल. आमच्याकडे रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळं त्यांच्याच नावावर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर आडव्या पडलेल्या पोपटाकडे.

"हिचं लिही," ती म्हणाली. "सही मी करते."

ताई जरा घुटमळली. मग तिनं मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि सहीच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं: करिता. सरकारी कागदावर दुसऱ्याच्या वतीनं सही करताना लिहितात तो शब्द. त्याच्यापुढं आजीनं प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही केली. एकेक अक्षर गिरवत, पूर्ण नाव, आडनावासकट. तिला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

नळी घालताना मला बाहेर थांबवलं. दाराच्या फटीतून दिसत होतं तेवढं पाहिलं. बारीक नळीतून सलाईन सोडून, थोडं मागं, थोडं पुढं करत ते बूच हलवत होते. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग कुणीतरी "आली!" म्हणालं. रक्तानं लाल झालेली लघवी ट्रेमध्ये पडायला लागली. आजीनं हात जोडले. त्या आधी कुणाच्या लघवीला हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

केसपेपर, भूल, नळी, सलाईन आणि बाहेरून आणलेली औषधं मिळून त्या दिवशी साडेपाचशेच्या आत काम झालं. नळी दोन दिवस आतच ठेवून टाके घातले होते आणि त्यानं ती ओढू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली होती. जुन्या एक्स-रे फिल्मची. उजेडात धरलं की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. रोज येऊन सलाईन लावून घ्या, असं सांगितलं. म्हणजे आणखी दोन दिवस बोगद्यातून जाणं आणि घाटातून येणं. माझ्याकडे परतीचं भाडं सोडून काहीच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीचे पैसे आजीच्या चंचीतून निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे शंभराच्या तीन नोटा खोचलेल्या होत्या. त्या कुणी ठेवल्या, यावर घरात चर्चा झाली नाही. वडील फक्त म्हणाले, "ते एक्स-रेचं काढायचं कधी?"

पोपट वाचला. आईनं दूध-चपाती बंद केली आणि शिजवलेलं कोंबडीचं मांस पाण्यासकट द्यायला लागली. माठाखाली, न्हाणीत आणि माळ्यावर अशा तीन वाट्या पाण्यानं भरून ठेवायचं काम भावाकडे गेलं. आजी सुकटाची डोकी पाण्यात भिजवून द्यायची आणि वर म्हणायची, "साहेबांचं पथ्य."

डॉक्टरांनी बजावलं होतं, की हा त्रास उलटतो. दोन वर्षांनी उलटला. तेव्हा मी पुण्यात होस्टेलवर होते. सकाळी साडेआठला वडलांचा फोन आला. "पोपट पहाटेपासून बसतोय आणि काही होत नाही. मी शिरवळला निघालोय." त्यांना दुकान बंद ठेवताना मी दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा घरात मयत होती. दुपारी परत फोन आला. नळी घातली, ठीक आहे, झोपलाय. मी विचारलं, "केसपेपरवर नाव कुणाचं घातलंत?"

"तुझंच. जुना कागद नेला होता, त्यावरच पुढं लिहिलं त्यांनी."

पोपट २०१९ मध्ये गेला. अंगणात, उन्हात. त्याच वर्षी विसाव्या पशुगणनेचे आकडे जाहीर झाले. मी ती यादी वाचली. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, घोडे, गाढवं, उंट, कुत्रे, ससे, अगदी हत्तीसुद्धा. मांजर नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही. गणना पशुधनाची असते आणि मांजर धन नाही, दूध देत नाही, राखणही करत नाही. पण ज्याची मोजणी नाही त्याच्या मापाची नळी तालुक्याच्या दवाखान्यात कशी येणार? परिचर काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं तेच खरं: सगळं म्हशीच्या मापाचं.

प्राण्यांच्या क्रूरता प्रतिबंधाचा १९६० चा कायदा मात्र मी पुढं वाचला तेव्हा थांबले. त्याच्या तिसऱ्या कलमात कर्तव्य सांगितलंय ते नुसत्या मालकाचं नाही. प्राणी ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात आहे, अशा प्रत्येकाचं आहे. त्याला नाहक वेदना होऊ न देणं हे त्या माणसाचं काम. त्यात खरेदीची पावती लागत नाही. ज्याच्या गोधडीवर तो झोपतो, तो त्यात आला. आजीनं कायदा वाचला नव्हता. तिनं रकाना बरोबर भरला होता.

हे वाचणाऱ्यांत कुणी पंधरा-सोळाचं असेल आणि मांडीवर बोका असेल, तर एवढंच. मोठी माणसं नाही म्हणतात ती बहुतेक वेळा दुष्टपणानं नाही, त्यांनी असं काही पाहिलेलं नसतं म्हणून. घरातलं जे कुणी सही करू शकतं आणि ज्याला दुपारी वेळ आहे, त्याला बरोबर घ्या. आजी उत्तम. आता सरकारचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. ती सोयही मुख्यतः गुराढोरांसाठी, पण जवळ कोण डॉक्टर आहे ते तिथं विचारता येतं. पशुवैद्यकीय महाविद्यालय आवाक्यात असेल तर सरळ तिथं जा. घरातली कुठलीही गोळी देऊ नका. रात्र काढू नका.

आणि फोन उचलल्यावर "आमचं मांजर आजारी आहे" असं म्हणू नका, त्यावर कुणी उठत नाही. असं म्हणा: बोका आहे, इतक्या तासांपासून लघवी झालेली नाही. मालकाचं नाव विचारलं तर स्वतःचं सांगा.